एकोणचाळीस मिनिटं

बास्केटबॉलच्या मॅचचा तक्ता दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, तेव्हा खेळाडूच्या नावापुढे पहिला रकाना मिनिटांचा असतो. मग फेकलेले चेंडू, आत पडलेले चेंडू, रिबाउंड म्हणजे हुकल्यावर पकडलेले चेंडू, पास, फाउल अशी रांग आणि गुण पार शेवटी. वाचणारे थेट शेवटच्या रकान्यावर उडी मारतात. शिकागो बुल्सच्या लुओल डेंगमुळे मला पहिला रकाना आधी बघायची सवय लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची मॅच 48 मिनिटांची. 2011-12 च्या मोसमात डेंग दर मॅचला सरासरी 39.4 मिनिटं मैदानावर होता आणि पुढच्या मोसमात 38.7. दोन्ही वर्षी सरासरी मिनिटांत अख्ख्या लीगमध्ये तो पहिला. त्यात पाठोपाठच्या दोन रात्री दोन वेगळ्या शहरांत खेळलेल्या मॅचेस आल्या, बरोबरीनंतरचा जादा वेळ म्हणजे ओव्हरटाइम आला आणि मनगटातला फाटलेला लिगामेंटही आला. त्या मनगटाबद्दल पुढे येतंच.

डेंग 2004 ते 2014 बुल्सकडे होता. साडेनऊ मोसम, 637 मॅचेस, 10,286 गुण. तो गेला तेव्हा क्लबच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त गुण फक्त तिघांचे होते: मायकल जॉर्डन, स्कॉटी पिपेन आणि बॉब लव्ह. ही माहिती मी शिकागोत कितीतरी जणांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केलाय. दर वेळी समोरचा भुवया उंचावतो. डेंग? चौथा? काहीतरीच काय!

त्या भुवयांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हा लेख.

डेंग ब्रिटिश. हा माणूस ब्रिटिश कसा, ते आधी सांगायला हवं. जन्म 16 एप्रिल 1985, सुदानमधल्या वाव शहरात. आता ते दक्षिण सुदानमध्ये येतं. समाज डिंका. वडील आल्डो डेंग सुदानच्या संसदेत होते, वाहतूकमंत्रीही झाले. यादवी पेटल्यावर कुटुंबाला इजिप्त गाठावं लागलं. तिथे अलेक्झांड्रियात या मुलांना मनूट बोल भेटला. तोही डिंका, उंची 7 फूट 7 इंच, एनबीएत नाव काढलेला. त्याने लुओलच्या थोरल्या भावाला, अजूला, बास्केटबॉल शिकवलं. धाकटा आसपास होताच. पुढे ब्रिटनने राजकीय आश्रय दिला आणि हे मोठं कुटुंब दक्षिण लंडनमधल्या साउथ नॉरवुडला येऊन राहिलं.

लंडनमध्ये वाढणाऱ्या पोराला लागायचं तेच वेड याला लागलं, फुटबॉलचं. डेंग आजही आर्सेनलचा भक्त आहे. ब्रिटनमध्ये बास्केटबॉलचं स्थान म्हणजे घरातल्या चौथ्या मुलाच्या कपड्यांसारखं, वरच्यांचं झाल्यावर जे उरेल ते. फुटबॉल, क्रिकेट, रग्बी यांचं पोट भरल्यावर उरलेल्या वेळात, बॅडमिंटन आणि नेटबॉलच्या रेघा मारलेल्या हॉलमध्ये हा खेळ चालतो. पण दक्षिण लंडनमधल्याच ब्रिक्स्टनच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये जिमी रॉजर्स नावाचे कोच ‘टॉपकॅट्स’ हा क्लब चालवत. तो भाग गरिबांचा, वस्ती मोठ्या प्रमाणावर कॅरिबियन, दंगलींसाठी पेपरात नाव येणारा. रॉजर्स 2018 मध्ये वारले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात लांब पोचला तो डेंग. तेराव्या वर्षी तो इंग्लंडच्या 15 वर्षांखालच्या संघात होता आणि चौदाव्या वर्षी अमेरिकेत, न्यू जर्सीच्या ब्लेअर अकॅडमीत. शाळेची शेवटची वर्षं येईतो देशभरातल्या शाळकरी खेळाडूंच्या याद्यांमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला क्रमांक कुणाचा होता ते सांगायला नको, तो ओहायोचा लेब्रॉन जेम्स, पुढे एनबीएचा महानायक झालेला.

एक वर्ष ड्यूक विद्यापीठात काढून डेंग 2004 च्या ड्राफ्टमध्ये उतरला, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात. सातव्या क्रमांकावर त्याला घेतलं फिनिक्सने, पण ते शिकागोसाठीच. सौदा आधीच ठरलेला होता. बदल्यात शिकागोने जे दिलं त्यात पुढच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा एक हक्क होता. त्या हक्कावर 2005 मध्ये निवडला गेला तो नेट रॉबिन्सन. हे नाव लक्षात ठेवा. काही वर्षांनी हाच रॉबिन्सन बुल्सकडून डेंगच्या शेजारी खेळताना दिसेल. एनबीएतले हिशेब असे गोल गोल फिरतात.

ब्रिटिश नागरिकत्व डेंगला 2006 मध्ये मिळालं. म्हणजे बुल्सकडे आला तेव्हा तो कागदोपत्री ब्रिटिशही नव्हता. गंमत अशी की त्याच संघातला बेन गॉर्डन लंडनला जन्मलेला, पण वाढलेला न्यूयॉर्कजवळ. शिकागोला एकाच उन्हाळ्यात दोन लंडनवाले मिळाले आणि शहराला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

शहराला एकच चिंता होती. 1998 मध्ये जॉर्डन गेला आणि त्यानंतर सलग सहा वर्षं बुल्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोचले नव्हते. डेंगच्या पहिल्या मोसमातही सुरुवातीच्या नऊच्या नऊ मॅचेस हरले. मग कसं कोण जाणे, गाडी रुळावर आली आणि मोसम संपला तेव्हा 47 विजय होते. डेंगचं मनगट दुखावल्याने त्याला त्या वर्षीचा प्लेऑफ बाहेरून बघावा लागला. तरी नवोदितांच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली.

नोकरीनिमित्त मी शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या बाजूला राहायला आलो, तेव्हा हा संघ अंगात आलेला होता. नेपरव्हिलमध्ये मराठी घरांना तोटा नाही. गणपतीत रांगा लागतात, दिवाळी फराळाच्या ऑर्डरी ऑगस्टपासून सुरू होतात. क्रिकेटवर तावातावाने बोलणारे ढिगाने भेटतात, बास्केटबॉलवर बोलणारे एक-दोन. त्यातल्या एकाने मला बुल्सच्या घरच्या मैदानावर, युनायटेड सेंटरला, पहिल्यांदा नेलं. जागा अगदी वरच्या मजल्यावरची, जिथून खेळाडू चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, चालीवरून ओळखावे लागतात. डेंगची चाल लगेच कळायची: 6 फूट 9 इंच उंच, हात गुडघ्यापर्यंत लोंबणारे, आणि धावताना कसलीही घाई नाही. त्याने बास्केट केली की सगळं स्टेडियम ‘लूऽऽऽ’ म्हणून ओरडायचं. नवख्या माणसाला वाटायचं, लोक हुर्यो उडवतायत. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मागे वळून मला विचारलंही होतं, “अहो, त्या बिचाऱ्याने केलं काय?”

दुसरा आरडाओरडा बर्गरसाठी. त्या काळी बुल्सनी घरच्या मैदानावर शंभर गुण केले की तिकिटावर बिग मॅक फुकट मिळायचा. मॅच कधीच जिंकलेली असायची आणि लोक 98 गुणांवर जिवाच्या आकांताने ओरडत असायचे. हा संघ बचावावर जगणारा, शंभरी क्वचित गाठणारा. त्यामुळे बर्गरचं अप्रूप जास्त.

2006-07 हे डेंगचं आकड्यांच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं वर्ष: 82 च्या 82 मॅचेस, सरासरी 18.8 गुण, 7.1 रिबाउंड. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या मायामीला 4-0 असं घरी पाठवलं. त्याच वर्षी त्याला लीगचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार मिळाला. त्या शरद ऋतूत लॉस एंजेलिसच्या लेकर्सचा तारा कोबी ब्रायंट तो संघ सोडून शिकागोला यायच्या बेतात होता. लेकर्सना बदल्यात डेंग हवा होता आणि डेंग नसलेल्या शिकागोत यायला कोबी राजी नव्हता, असं तेव्हा छापून आलं. सौदा फिसकटला. ‘याच्यापायी कोबी हुकला’ असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. मला वाटतं, कोबीला खेळ कळत होता.

2008 मध्ये क्लबने डेंगशी सहा वर्षांचा, 7 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला आणि तिथून कटकट सुरू झाली. एवढे पैसे घेणारा माणूस डोळे दिपवणारा असावा, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. डेंग डोळे दिपवणारा नव्हता. त्यात 2009 च्या मार्च महिन्यात त्याच्या नडगीत दुखायला लागलं आणि तो बाहेर बसला. रेडिओवर संध्याकाळी घरी परतणाऱ्या लोकांचे फोन घेतात, त्या कार्यक्रमात सरळ म्हणत होते की पैसे मिळाल्यावर गडी मऊ झाला. नंतर कळलं की नडगीच्या हाडाला तडा गेला होता. बॉस्टनशी झालेली ती सात मॅचेसची, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम झालेली प्लेऑफची लढत डेंगने साधे कपडे घालून बाकावरून पाहिली. तडा गेलेला कळल्यावर आधी बोललेल्या कुणी शब्द मागे घेतल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

2010 मध्ये टॉम थिबोडो कोच म्हणून आले. वरच्या मजल्यावर बसूनही त्यांचा घोगरा आवाज ऐकू यायचा. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकाच पट्टीत. त्यांच्या हाताखाली डेंगला त्याची खरी जागा सापडली. डेरिक रोझ हा संघाचा नायक होता, इथल्याच एंगलवुडचा पोरगा. 2011 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो फक्त 22 वर्षांचा होता. चेंडू त्याच्याच हातात असणार, कॅमेरा त्याच्याच मागे असणार. डेंगला चेंडूविना खेळायचं होतं.

चेंडूविना खेळणं टीव्हीवर जवळजवळ दिसत नाही. वरच्या मजल्यावरून दिसतं, ही स्वस्त तिकिटाची मोठी सोय. रोझ वरच्या टोकाला चेंडू टपटपवत असायचा. डेंग उजव्या कोपऱ्यात, हात खाली सोडून, जणू आपला काही संबंध नाही असा उभा. त्याच्यावर ठेवलेला पहारेकरी क्षणभर मान वळवून रोझकडे बघायचा. तेवढ्यात डेंग बेसलाइनवरून, पार त्याच्या पाठीमागून, बास्केटखाली पोचलेला असायचा. पळताना तो मध्येच एक पाऊल आखूड टाकायचा. समोरच्याला वाटायचं हा थांबला, आणि हा पुढे निसटायचा. पहारेकऱ्याने धडा घेऊन पाठ सोडली नाही, की पुढच्या वेळी डेंग दोन पावलं आत जाऊन परत फिरायचा आणि पंधरा-सतरा फुटांवरून फेकायचा. फेक दिसायला देखणी नव्हती. कोपर शरीराला चिकटलेलं, चेंडू कपाळाच्या जरा बाजूने सुटणारा. दर रात्री अशी पाच-सहा बास्केट व्हायची आणि घरी जाताना कुणाला त्यातलं एकही आठवायचं नाही.

दुसऱ्या टोकाला त्याचं काम आणखी बिनबोभाट. समोरच्या संघाचा सगळ्यात घातक माणूस त्याच्या वाट्याला: लेब्रॉन, कार्मेलो अँथनी, पॉल पिअर्स. थिबोडोंच्या पद्धतीत चेंडूवाल्याला मध्यात येऊच द्यायचं नाही, कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं आणि बाकीच्या चौघांनी मागची पोकळी भरायची. डेंग आपला माणूस सांभाळून दुसऱ्याचीही पोकळी भरायचा आणि परत आपल्या माणसापाशी हजर. इथे आपल्याकडच्या लोकांना राहुल द्रविडचं नाव घ्यायचा मोह होतो. मी तो आवरतो, त्या नावाने आता फार ओझी वाहिली आहेत.

2010-11 मध्ये बुल्सनी 62 मॅचेस जिंकल्या, डेंग पुन्हा 82 च्या 82 खेळला, आणि पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत मायामीकडून 4-1 असे हरले. ही लढत मी फार वेळा आठवत नाही.

मग ते मनगट. 2012 च्या जानेवारीत डाव्या मनगटातला लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया केली तर मोसम गेला आणि त्या उन्हाळ्यात लंडनचं ऑलिम्पिक होतं. डेंगने शस्त्रक्रिया टाळली, काही मॅचेस सोडून पट्ट्या बांधून परत आला आणि त्याच मोसमात दर मॅचला सरासरी लीगमध्ये सगळ्यात जास्त मिनिटं खेळला. त्याच मोसमात पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेला, आणि उत्कृष्ट बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवड झाली. ऑर्लँडोच्या ऑल-स्टार मॅचला ओळख करून देताना बाकी सगळे ठरल्या पोशाखात आणि हा आफ्रिकेचा नकाशा असलेला शर्ट घालून आला. शिकागो, लंडन, वाव या तिन्ही ठिकाणच्या लोकांना तो एकाच वेळी आपला वाटला असणार, आणि लीगच्या पोशाखवाल्यांना डोकेदुखी.

आपला महागाचा खेळाडू मनगट फाटलेलं असताना उन्हाळ्यात दुसऱ्या संघासाठी खेळणार, हे कुठल्या क्लबला आवडेल? शिकागोत बरीच कुरकुर झाली. मला विचाराल तर कुरकुर करणाऱ्यांना कळलं नव्हतं की त्यांना डेंगमधलं जे आवडायचं, तेच त्याला लंडनला घेऊन चाललं होतं. ब्रिटनचा पुरुषांचा संघ 1948 नंतर पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळत होता, तेव्हाही यजमान म्हणूनच. स्पेनला त्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत झुंजवलं आणि 79-78 असे हरले. चीनला 90-58 असं धुतलं. बाकी तीन हरले आणि गटातच बाद. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ब्रिटिश बास्केटबॉलचा सरकारी निधी काढून घेण्यात आला, कारण निधी पदकाच्या शक्यतेवर मिळतो. डेंगने मनगट पणाला लावलं ते कशासाठी, असा प्रश्न इथल्या लोकांनी तेव्हा विचारला नाही. त्यांच्या दृष्टीने लंडन ऑलिम्पिक म्हणजे अमेरिकेचं सुवर्ण.

इकडे रोझचा गुडघा 28 एप्रिल 2012 रोजी प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये गेला होता आणि 2012-13 चा पूर्ण मोसम तो बाहेर राहिला. नायकाविना त्या संघाने 45 मॅचेस जिंकल्या. योआकिम नोआ तळपायाच्या दुखण्याने लंगडत, कर्क हिनरिक कायम कुठेतरी बांधलेला, जिमी बटलर नवखा, आणि डेंग पुन्हा लीगमध्ये पहिला, दर मॅचला 38.7 मिनिटं. थिबोडो याला बाहेर का काढत नाहीत, असं मीही टीव्हीसमोर ओरडायचो आणि मग तो बाहेर गेला की दोन मिनिटांत समोरचे सात गुण करायचे. माझी बोलती बंद.

प्लेऑफमध्ये समोर ब्रुकलिन. चौथ्या मॅचला तीन ओव्हरटाइम, आणि ती 142-134 अशी जिंकून दिली कुणी? नेट रॉबिन्सनने, 34 गुण करून. डेंगच्या बदल्यात दिलेल्या हक्कावर निवडलेला हाच तो. मग सहाव्या मॅचच्या आधी डेंग आजारी पडला. ताप, उलट्या, डोकं. मेंदूज्वराची शंका आली म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. मेंदूज्वर नव्हता. पण त्या तपासणीचाच त्रास सुरू झाला: सुई टोचलेल्या जागेतून पाणी झिरपत राहिलं आणि डोकेदुखीने त्याला उभं राहता येईना. सातव्या मॅचला नोआने 24 गुण केले आणि बुल्स ब्रुकलिनमध्ये 99-93 असे जिंकले. डेंग हॉस्पिटलात होता.

आणि पुन्हा तीच भाषा. नोआ मोडक्या पायाने खेळतो आणि ह्याला डोकं दुखतं! लोक इंटरनेटवर अक्षरशः असं लिहीत होते.

आमच्या घरात मात्र त्या आठवड्यात वेगळी चर्चा झाली. आमच्या मुलीच्या वेळी बायकोचं सिझेरियन झालं होतं, कण्यात भूल देऊन. नंतर तिला हीच डोकेदुखी झाली. आडवं असलं की काही नाही, उठून बसलं की कवटीच्या मागून कुणी पकडीने ओढतंय असं. पोरीला पाजायलाही ती पडल्या पडल्याच घ्यायची. मान जराशी वर केली की डोळे गच्च मिटायची. सासूबाई ‘वात झालाय’ म्हणत सुंठ उगाळत होत्या आणि मी फोनवर डॉक्टरांचा पिच्छा पुरवत होतो. ते म्हणाले, भोक बुजेपर्यंत असं व्हायचंच. बायकोला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण टीव्हीवर डेंगची बातमी लागली तेव्हा ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, “याला पळायला सांगतायत? याला पाणी प्यायला मान उचलता येत नसेल.” त्या अख्ख्या गदारोळात डेंगच्या आजाराबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात जाणकार मत हेच.

दोन मोसम लीगमध्ये दर मॅचला सगळ्यांत जास्त राबलेल्या माणसावर अंगचोरपणाचा आळ येतो, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं. आता कमी वाटतं. रोझ पडला तेव्हा सगळं शहर रडलं, कारण रोझचं असणं दिसायचं, म्हणून नसणंही दिसलं. डेंगचं असणं गृहीत धरलेलं. रोज येणारा माणूस एक दिवस आला नाही की आधी राग येतो, काळजी नंतर. घरोघरी, ऑफिसात हेच चालतं. ज्याच्या रजा शिल्लक आहेत त्यालाच ऐन वेळी रजा नाकारली जाते.

2013-14 उजाडलं. करार संपत आलेला. 22 नोव्हेंबरला पोर्टलँडमध्ये रोझचा दुसरा गुडघा गेला आणि मोसमाचा निकाल तिथेच लागला. क्लबने डेंगला तीन वर्षांचे 3 कोटी डॉलर देऊ केले, त्याने नाही म्हटलं. 2014 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली: डेंग क्लीव्हलँडला, बदल्यात अँड्र्यू बायनम आणि ड्राफ्टमधले काही हक्क.

हा बायनमचा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण असा व्यवहार खेळात क्वचितच इतक्या उघड्यावर होतो. बायनम एके काळी लेकर्सचा ऑल-स्टार, आता गुडघे गेलेले. त्याचा करार सव्वा कोटीच्या घरात, पण अट अशी की 7 जानेवारीपर्यंत त्याला काढून टाकलं तर निम्मेच पैसे द्यायचे. शिकागोने त्याला घेतलं आणि ताबडतोब काढून टाकलं. बुल्सचा गणवेश त्याने कधी घातला नाही. पगाराची बेरीज ज्या रेषेच्या वर गेली की लीग दंड घेते, तिच्याखाली ती एवढ्याने आली आणि काही लाख नव्हे, काही कोटी डॉलर वाचले. नोआ त्यानंतर कित्येक दिवस पत्रकारांशी बोलला नाही. आठवड्याभराने ऑर्लँडोमध्ये तीन ओव्हरटाइमची मॅच झाली आणि डेंगच्या जागी खेळणारा जिमी बटलर 60 मिनिटं मैदानावर होता. जागा रिकामी राहत नाही, माणूस बदलतो.

मिळालेल्या हक्कांपैकी मोलाचा एकच होता, सॅक्रामेंटोचा पहिल्या फेरीचा. पण त्याला अट अशी की सॅक्रामेंटो फार वाईट खेळलं तर हक्क त्यांच्याकडेच राहायचा. सॅक्रामेंटो वर्षानुवर्षं पुरेसं वाईट खेळत राहिलं आणि तो हक्क घसरत घसरत 2017 मध्ये दुसऱ्या फेरीचा झाला. त्यावर निवडलेला खेळाडू बुल्सनी गोल्डन स्टेटला विकला, 35 लाख डॉलर रोख घेऊन. दहा वर्षांच्या नोकरीची अखेर ही. हिशेबनिसाच्या बाजूने बोलायचं तर व्यवहार चोख होता. करार संपत आलेला, रोझ पडलेला, डेंग सहा महिन्यांत फुकट निघून गेला असता. मी अकाउंट्सच्या लोकांमध्ये उठबस करणारा माणूस आहे, मला तो ताळेबंद कळतो. कळतो म्हणून आवडायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

पुढचं झटपट सांगतो, कारण डेंगच्या कारकिर्दीचा तो भाग मला परका वाटतो. क्लीव्हलँड अर्धा मोसम, मायामी दोन, मग 2016 मध्ये लेकर्सनी चार वर्षांचे 7 कोटी 20 लाख दिले. शरीर तोवर संपलेलं. 2017-18 च्या पूर्ण मोसमात तो लेकर्सकडून एकच मॅच खेळला, 13 मिनिटं. त्या वर्षीचा पगार 1 कोटी 70 लाखांच्या वर. शिकागोत एका आठवड्यात याच्या दसपट मिनिटं खेळायचा तेव्हा मिळायचे त्याहून हे पैसे जास्त. मागच्या थकबाकीचा चेक दुसऱ्याच कुणी फाडला, एवढंच. मिनेसोटात थोडकं खेळून तो थांबला आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसापुरता करार करून बुल्सचा खेळाडू म्हणून निवृत्त झाला. त्याचा 9 नंबर आधी रॉन्डोने घातला, मग 2021 मध्ये आलेल्या वुचेविचने. रोझचा 1 नंबर कायमचा छताला टांगण्याची घोषणा 2025 मध्ये झाली. माझ्या मित्राचं म्हणणं की 9 पण टांगायला हवा. माझं म्हणणं, कुणीतरी घालावा आणि घालून पळावं.

निवृत्तीनंतर डेंग दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. 2011 मध्ये जन्मलेला देश, देशात एक धड इनडोअर कोर्ट नाही, आणि संघ 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला पोचला. त्याआधी 20 जुलैला लंडनच्या ओ-टू अरीनात त्यांची अमेरिकेशी सराव मॅच झाली. 2009 मध्ये बुल्सच्या संघाबरोबर डेंग याच इमारतीत प्रदर्शनी मॅच खेळायला आला होता. या वेळी तो दक्षिण सुदानच्या बाकावर होता, संघात मधल्या काळात बुल्सकडून थोडंसं खेळून गेलेला कार्लिक जोन्स होता, आणि अमेरिकेचा कोच जॉर्डनच्या बुल्समधला स्टीव्ह कर. दक्षिण सुदान एका टप्प्यावर 16 गुणांनी पुढे होतं. शेवटची काही सेकंदं उरली असताना लेब्रॉन बास्केटपर्यंत घुसला आणि अमेरिका 101-100 अशी वाचली.

ती मॅच आम्ही नेपरव्हिलला शनिवारी दुपारी पाहिली. लेब्रॉन आणि डेंग एकाच वर्षी शाळेतून बाहेर पडलेले, एक पहिला, एक दुसरा. त्या दिवशी दोघंही 39 वर्षांचे. मित्र लगेच म्हणाला, बघ, थिबोडोंनी याला पिळून काढलं नसतं तर हाही अजून खेळत असता. मी म्हटलं, लेब्रॉनची एकूण मिनिटं डेंगच्या दीडपटीच्या वर आहेत, मग तो कसा खेळतोय? त्यावर तो म्हणाला, लेब्रॉनची गोष्ट वेगळी. ते वेगळं म्हणजे नक्की काय, पैसा, शरीर की सांभाळणारी माणसं, यावर आमची बराच वेळ जुंपली. बायकोने चहा आणून ठेवला आणि विचारलं, “तो मान दुखणारा कुठला यातला?” मी बाकावरच्या उंच माणसाकडे बोट दाखवलं.